‘शक्यतो’ काढा

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं जे साधं काम केलं ते सकाळचा चहा. तळवलीच्या खोलीत, उंबऱ्याशी. तिनं नेहमीसारखा अर्धा कप माझ्या बशीत ओतला. "तुमी घ्या, मला नको." मी घेतला. चौदा वर्षं घेत होतो. चारचौघांत सांगायचो, आमची मंडळी स्वतःच्या तोंडचा चहा मला देते. गाढव होतो मी. ती चहा देत नव्हती. ती लघवी टाळत होती.

सीवूड्सच्या एका टॉवरमध्ये ती चौदा वर्षं घरकाम करायची. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, एकाच घरात. घरात तीन संडास. तिन्ही रोज तीच घासायची. तिला बसायला एकही नाही. "सोसायटीचा नियम आहे, मावशी," मालकीण म्हणायची. खाली वॉचमनचा एक होता, त्याला कुलूप. म्हणून पाणी प्यायचं नाही. हे मला कधी कळलं? त्या शेवटच्या चहाच्याच दुपारी ती कामावर तापानं पडली तेव्हा, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, "आजी, पाणी का पीत नव्हता?" ती म्हणाली, "प्यायला हाय वो डॉक्टर, सोडायला जागा नाय." डॉक्टर हसला. चौथ्या दिवशी ती गेली. किडन्या आधीच गेल्या होत्या.

जिला जिवंतपणी पाणी पिता आलं नाही, तिचा मी जलदानविधी केला. त्याला एका संस्थेची मॅडम आली होती. जेवली, जाताना म्हणाली, "काका, घरकामगारांच्या मानवी हक्कांचं धोरण होतंय. सरकार आणि आम्ही मिळून करतोय. बेलापूरला बैठक आहे. तुमचा आवाज तिथं पोचला पाहिजे."

मला बरं वाटलं. खोटं का सांगू. पांढरा शर्ट घातला, गेलो.

मोठा हॉल. थंडगार. मी पुढच्या खुर्चीवर बसलो. मॅडमनं पाठीवर हात ठेवला. "काका, या खुर्च्या हितधारकांच्या आहेत. लाभार्थी मागे."

लाभार्थी. बायको मेली माझी, आणि मी लाभार्थी. जन्मभर तळोज्याच्या कारखान्यात पोती उचलली. तिथं निदान हमाल म्हणायचे. उठलो, मागे जाऊन बसलो. का उठलो? ऊठ म्हटलं की उठायचं, हे अंगात मुरलेलं.

मला दोन मिनिटं दिली. आधी बजावलं, "फक्त काय सोसलं ते सांगा. धोरणावर बोलायला तज्ज्ञ आहेत." मी सांगितलं. संडास, कुलूप, दवाखाना. लोक फोटो काढत होते. एक बाई डोळे पुसत होती. संपल्यावर टाळ्या. माझ्या बायकोच्या मरणाला टाळ्या.

मग सरकारी साहेब मसुदा वाचायला लागले. सगळ्यांच्या हातात प्रत होती. चुकून मलाही मिळाली होती. मी चौथी शिकलो. बोट ठेवून वाचतो. बोट एका कलमावर थांबलं. ‘घरकामगारांसाठी इमारतीत शौचालयाची सोय शक्यतो उपलब्ध करून द्यावी.’

साहेब पुढच्या कलमावर गेले. मी उभा राहिलो.

"साहेब, ते ‘शक्यतो’ काढा."

"आजोबा, धोरणाची एक भाषा असते. आणि तुमचं झालं ना बोलून?"

कुणीतरी हसलं.

"शक्यतो मला कळतं, साहेब. मालकिणीला शक्य नव्हतं. वॉचमनला शक्य नव्हतं. म्हणून माझ्या बायकोनं चौदा वर्षं दाबून धरलं."

साहेब पाणी प्यायले. "नोंद घेतो," म्हणाले. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

मॅडम मला बाहेर घेऊन आली. "काका, किती वर्षांनी हा मसुदा इथवर आलाय. सोसायटीवाले बिथरले तर सगळंच बारगळेल. एका शब्दासाठी नका अडवू." वाईट बाई नव्हती. खरंच राबली असेल. पण तिच्या डोक्यामागं भिंतीवर लेडीज टॉयलेटची पाटी होती. मला ती पाटीच दिसत राहिली.

निघताना दारात हजेरीचा कागद. मला न विचारता तिनं शाईचं पॅड उघडलं, अंगठ्याकडे सरकवलं. मी कागद वाचायला घेतला. मागची रांग चुळबुळली. वर छापलं होतं, ‘मसुद्यावर चर्चा होऊन उपस्थितांची सहमती झाली.’

"हे नुसतं हजेरीसाठी हो, काका."

"मग सहमती खोडा."

"छापलंय ते."

"मला सही येते, मॅडम. पण देत नाही."

पॅडचं झाकण मीच लावलं. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं. हे ‘नाही’ मी त्या टॉवरच्या गेटवर जाऊन म्हणायला पाहिजे होतं, ती जिवंत असताना. म्हटलं नाही. ते माझ्यावर आहे. पुसलं जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीचं पान फाडलं. मसुद्याच्या शेवटी छापलं होतं, हरकती लेखी द्याव्यात, त्यांवर सुनावणी होईल. लेखी तर लेखी. ‘शक्यतो हा शब्द काढावा. माझी बायको असल्याच शक्यतोनं मेली.’ एवढंच लिहिलं. खाली सही. बेलापूरच्या कचेरीचं दार उघडायच्या आधी दारात उभा होतो.

खिडकीतल्या क्लार्कनं वाचलं. "बाबा, हे संस्थेमार्फत यायला पाहिजे."

"माझी बायको संस्थेमार्फत मेली नाही."

"बरं, त्या पेटीत टाका."

"पेटीत नाही. शिक्का मारा. पोच द्या."

मागचे लोक कुरकुरले. मी हललो नाही. शेवटी त्यानं शिक्का मारून पोच दिली. मी बोट ठेवून तारीख वाचली, आवक नंबर वाचला.

"सुनावणी कधी?"

"कळवू."

"कळवू नका. तारीख लिहून द्या," म्हटलं, आणि पोचेचा कागद परत खिडकीत सरकवला.