शेजाऱ्याची धाकटी तोफ

इथं कॅनडात, मिसिसागातला माझा शेजारी लिलावात जुन्या तोफा घेतो. गराज तोफांनी भरलंय, म्हणून गाडी बर्फात. बोली लावण्याआधी तोफेच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो नि डोळे मिटतो. लोक हसतात. हसू देत.

माझी बायको दर खंडेनवमीला त्याच्या धाकट्या, हातभर पितळी तोफेला कुंकू लावायची. यंदा ती गेली. तिच्या बोटांचा ठसा तोफेवर राहिला. रविवारी हा सगळी तोफ लखलखीत पुसतो, तेवढा ठसा सोडून.

गेल्या महिन्यात त्याच्या मनातली मोठी तोफ लिलावात आली. तिच्यासाठी त्यानं धाकटी विकायला काढली. मीही बरोबर गेलो. लिलाववाला म्हणाला, हा लाल डाग पुसून द्या. ह्यानं फडकं काढलं, हातात धरून उभा राहिला, मग परत खिशात घातलं.

"काका, एका बाजूनं धरा. घरी न्यायचीय."

"आणि मोठी?"

"ठेवणार कुठं? गाडी आधीच बर्फात आहे."

मोठी दुसऱ्यानं नेली. धाकटीला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली. मी पुढं ताठ बसलो, लढाई जिंकून तोफ घरी आणल्यासारखा.