म्हात्रेचा उपकार फिटता फिटेना

२०२४ सालचा आषाढ. पुण्यात नदीला पाणी चढलेले आणि कर्वेनगरात आमचे एक घर हवेत. तिथून सुरुवात करतो.

आमचा धंदा घरे उचलण्याचा. पायाशी जॅक लावायचे आणि राहते घर आहे तिथेच वर घ्यायचे. समुद्राकाठच्या शहरांत जमीन खाली बसते म्हणून लोक बोलावतात, पुण्यात रस्ता वर चढतो म्हणून. डांबरावर डांबर, डांबरावर डांबर! शेवटी माणूस दारातून रस्त्यावर उतरत नाही, चढतो. अशा धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. घर उचलले की खालून विंचवासारखे बाहेर येतात.

मी चौथी शिकलो. आजवर कोणाचे काही अंगावर ठेवले नाही. म्हणूनच म्हात्रेचे प्रकरण मला फार टोचले.

•

कर्वेनगरातले ते घर साठ्यांचे. साठे बँकेतून निवृत्त झालेले. मे महिन्यात काम उरकू म्हटले तर त्यांनी दर पाडण्यात पावसाळा आणला. "अहो, घर फक्त वर घ्यायचंय. बांधायचं थोडंच आहे!"

आषाढात ते हो म्हणाले. घर दोन फूट वर गेले आणि वरून धरणाचे पाणी सोडले. नदीकाठची माती शिऱ्यासारखी मऊ झाली. आम्ही जॅक फिरवायचो. घर जागच्या जागी आणि जॅक खाली!

साठे खिडकीतून ओरडले, "अहो, मला वर न्यायचं ठरलंय! जमीन खाली न्यायचं नाही!"

भिंतीला बारीक भेग दिसू लागली. आणखी जॅक हवे होते, खाली टाकायला जाड फळ्या हव्या होत्या. पुण्यात कोणी दिल्या नाहीत. आमचा मुकादम सुदाम. त्याने मला न विचारता खाडीकाठच्या म्हात्रेला फोन लावला. म्हात्रेही घरे उचलणारा. त्याचे आणि माझे कधी पटले नाही. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि पहिल्या भेटीपासून मला अरे-तुरे!

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हात्रे ट्रक घेऊन घाट चढून आला. जॅक, फळ्या, माणसे, सगळे घेऊन. कमरेएवढ्या पाण्यात उतरला. संध्याकाळपर्यंत घर मुकाट बसले.

मी म्हटले, "भाडं सांगा."

"तुझ्याकडून काय घ्यायचं? म्हातारा माणूस तू!"

म्हातारा आणि फुकट! एका दमात दोन अपमान.

•

त्या पुरात गल्लीतली सगळी घरे पाण्यात गेली, साठ्यांचे तेवढे कोरडे राहिले. शेजारचे सगळे साठ्यांकडे वर आले. साठ्यांनी दार पूर्ण उघडले. सतरंजी घातली, पंखा लावला.

"बसा. पाणी उतरेपर्यंत घर आपलंच आहे," म्हणाले. "चहाचं मात्र पाणी उतरल्यावर बघू."

•

दिवाळीला मी उपकार फेडायचे ठरवले. चकली, चिवडा, अनारसे भरून मोठा डबा म्हात्रेकडे पाठवला. हिशेब संपला, असे मला वाटले.

आठ दिवसांनी तोच डबा परत आला. त्यात सुके बोंबील, अगदी गळ्यापर्यंत!

आमच्या कसबा पेठेतल्या घरात अंडेसुद्धा येत नाही. डबा गॅलरीत ठेवला. दुपारी वरच्या मजल्यावरचे जोशी खाली आले. नाकाला रुमाल.

"अण्णा, घरात सगळे बरे आहेत ना? शेवटचं कोणाला कधी पाहिलंत?"

मंडळी म्हणाल्या, "परत पाठवा तो डबा."

"परत पाठवू? तो त्याच्यावर आणखी काही पाठवेल!"

शेवटी सुदाम डबा आपल्या घरी घेऊन गेला. उपकार मात्र माझ्याकडेच राहिला, वर बोंबलांची भर.

•

वैशाखात हडपसरला नातीचे लग्न होते. म्हटले, आता कायमचे मिटवू. म्हात्रेला मानाने बोलावले. चारचौघांत शाल, नारळ, पगडी. माइकवरून त्याचे नाव पुकारले. पगडी त्याच्या डोक्यावर बसवली आणि मला हलके वाटले.

तेवढ्यात अवकाळी कोसळला. कार्यालयाचे जेवणघर रस्त्याच्या खाली. पानांवर जिलेबी वाढलेली आणि पायाखाली गटाराचे पाणी! कार्यालयाचा मॅनेजर छत्री शोधत होता, आतल्या आत.

म्हात्रेने पँट गुडघ्यावर घेतली. चेंबरचे झाकण काढले. खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मागच्या लग्नातले हार, द्रोण, पत्रावळी सगळे उपसले. पगडी काही काढली नाही. पाणी गेले, पंगत वाचली.

संध्याकाळी व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, आपला तो पगडीवाला प्लंबर फार कामाचा हो. नंबर द्या ना."

सुदाम म्हणाला, "अण्णा, आता फेडू नका. परवडणार नाही आपल्याला."

•

पुढचे मला सुदामकडून कळले, आणि त्याला म्हात्रेच्या ड्रायव्हरकडून. म्हात्रेच्या शहरात जमिनीची पाहणी करायला एक इंजिनिअर मुलगी आली होती. म्हणाली, भराव टाकलेली जमीन खाली बसते आहे, उपग्रहातून दिसते.

म्हात्रे हसला. "पोरी, तेवढ्या वरून काय दिसणार? मी इथंच जन्मलो."

"काका, सगळ्यात जास्त तुमचीच गल्ली बसतेय."

"माझं घर दगडी आहे."

भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या उधाणाला खाडी त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. मांजर फ्रिजवर, रिकामा सिलिंडर तरंगत अंगणात! अमावास्येला याहून मोठे उधाण येणार होते. म्हात्रेचे सगळे जॅक लोकांच्या घरांखाली अडकलेले. आणि दुसऱ्यांची घरे उचलणारा स्वतःचे घर बुडते म्हणून कोणाला सांगणार? त्याने कोणालाच सांगितले नाही.

•

मी गाडी भरायला लावली. सुदाम कुरकुरला, "अण्णा, पितृपंधरवड्यात काम?"

"समुद्राला विचार, तो थांबतो का."

घाट उतरून गेलो. म्हात्रे लुंगीवर दारात उभा.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. सरका."

त्याची नव्वदीची आई स्वयंपाकघरात मांदेली तळत बसली होती. मी म्हटले, "आजी, बाहेर या. घर उचलायचंय."

"खाडीनं मला उठवली नाही. तू कोण रे?"

मग तिच्यासकट उचलले. घर वर चाललेले आणि कढईतले तेल हललेसुद्धा नाही. म्हात्रे मात्र सगळीकडे लुडबुडत होता. हा जॅक घट्ट कर, तो सैल कर.

मी म्हटले, "आज तुम्ही घरमालक. आत बसा आणि दराबद्दल कटकट करा."

अमावास्येच्या आत नवे जोते विटांनी बांधून भरले.

अमावास्येला दुपारी पाणी आले. गल्ली बुडवली, अंगण बुडवले, नव्या जोत्यावर चढू लागले. म्हात्रे एका खिडकीशी, मी दुसरीशी. पाणी उंबऱ्याच्या वीतभर खाली येऊन थांबले.

आजी उठली. मासे धुतलेल्या पाण्याची बादली उचलली. मागचे दार उघडले आणि उभ्या उभ्या सगळी बादली खाडीवर ओतली.

"घे! पुनवेला तू माझ्या घरात ओतलंस."

ओहोटी लागल्यावर आम्ही जॅक गाडीत भरले. म्हात्रेने शेवटची फळी स्वतः चढवून दिली. उपकार फिटला.