तेल होतं, दाब नव्हता

नाईक भानुदास गेणू काळे, मिलिटरी ड्रायव्हर, राहणार आमचंच गाव, सोनईपासून पायी तासाभरावर. १९७३च्या मार्चमध्ये, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास तो मेला. त्याच्यावर अन्याय दोनदा झाला. एकदा त्याच दिवशी. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, शाळेपुढे उभा राहणाऱ्या जवानांच्या दगडावर त्याचं नाव घालायचं नाही असं पंचायतीनं ठरवलं तेव्हा. कारण काय, तर तो स्वतःच्या चुकीनं मेला. चूक कुणाची ते मला माहीत आहे. मी त्याच युनिटात व्हेइकल मेकॅनिक होतो. आता नाही, त्यामुळे मला गप्प बसवणारा कुणी साहेब उरलेला नाही.

आमचं युनिट नगरच्या कॅम्पात होतं. पहाटे पीटी, मग गाड्यांची परेड. तेल, पाणी, बॅटरी, टायर. ज्याची गाडी त्यानंच तपासायची. भानुदासकडे जीप होती आणि तिच्यामागे पाण्याचा ट्रेलर. त्या दुष्काळात आमच्या गाड्या कर्जतकडे पाणी नेत होत्या.

शनिवारी तो शेडमध्ये आला. मला तो डॉक्टर म्हणायचा.

"डॉक्टर, पेशंट डोळा मारतोय."

"कधी?"

"गार हाय तवर गुमान ऱ्हातो. गरम झाली, रेसवरनं पाय काढला, की लुकलुकला."

ज्यांनी गाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॅशवरचा तो लाल दिवा इंजिनात तेल किती आहे ते सांगत नाही. तेल दाबानं फिरतंय की नाही ते सांगतो. विहिरीत पाणी असलं म्हणजे ते उसाला पोचलं असं होत नाही, मधला पंप आणि पाइप धड लागतो. तेलाचा दाब गेला की बेअरिंग कोरडं घासतं, तापतं आणि इंजिन जाम होतं.

मी डिपस्टिक काढली. तेल पूर्ण. तेलाला पेट्रोलचा वास नाही, म्हणजे ते पातळ झालेलं नव्हतं. मग इंजिनावर तेलाच्या दाबाचा जो स्विच असतो त्याच्यावरची दिव्याची तार काढली. दिवा विझला, म्हणजे तार मध्ये कुठे बॉडीला लागत नव्हती. तार परत लावली. स्विच खोटं बोलत असेल म्हणून नवा घातला. दिवा तसाच. शेवटी स्विचच्या जागी दाब मोजायचं टेस्ट गेज बसवलं आणि इंजिन तापवलं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, काटा जवळजवळ तळाला. रेस केली तर खालून ठोका ऐकू आला. शंकेला जागा नव्हती. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून पंप आणि बेअरिंगं बघायलाच हवी होती.

शेडचा प्रमुख हवालदार फिटर होता. मी त्याला सांगितलं.

"किती येळ लागंल?"

"दोन दिवस."

"सोमवारी इन्स्पेक्शन हाय. ब्रिगेडियरला काय उघडं इंजिन दावू व्हय?"

तेवढ्यात कॅप्टन आला. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघून म्हणाला, "सोमवार को ये लाल बत्ती मुझे नहीं दिखनी चाहिए." आणि गेला. बत्ती का लागते हे त्यानं विचारलं नाही.

हवालदार माझ्याकडे वळला. "मघाशी तू तार काढली तवा इझला न्हवं? झालं की मग."

"ती तपासणी होती, हवालदारसाहेब. दुरुस्ती नव्हे."

"लई शिकलास."

मी गेज काढलं, स्विच बसवला, तार लावली आणि स्टिअरिंगला 'ऑफ रोड'ची, म्हणजे गाडी बाहेर काढायची नाही अशी, पाटी बांधली. भानुदास दोन दिवसांच्या रजेवर गावी आला. रविवारी मला कर्जतच्या पाणी पॉइंटवर पाठवलं. माझ्यामागे शेडमध्ये हवालदार होता.

मंगळवारी सकाळी कर्जतला बाया घागरी, डबे घेऊन रांगेत होत्या. ट्रेलर आला नाही. वायरलेस सेटवर भानुदासच्या गाडीला हाक दिली.

"वॉटर वन, वॉटर वन, लोकेशन बताओ, ओव्हर."

उत्तर नाही. पुन्हा हाक दिली, तरी नाही. थोड्या वेळानं नगरहून आवाज आला.

"वॉटर वन का ॲक्सिडेंट. रिकव्हरी भेजो, ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"ड्रायव्हर खतम. आउट."

गाडी ओढून आणणाऱ्या रिकव्हरीबरोबर मी पोचलो तेव्हा उतारावरच्या वळणावर जीप आडवी पडली होती. इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली, भरलेल्या ट्रेलरनं मागून ढकललं. भानुदासवर कांबळं टाकलं होतं. पाणी सगळं ओढ्याकडे गेलं होतं.

गाडी सरळ केल्यावर मी चावी फिरवली. इंजिन बंद आणि चावी चालू असताना तो दिवा लागलाच पाहिजे. बाकीचे दिवे लागले. हा लागला नाही. बॉनेट उघडलं. तार स्विचपासून काढलेली होती आणि टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती. अपघातात तार तुटू शकते. अपघात टेप गुंडाळत नाही.

भानुदासच्या शेजारी बसलेला शिपाई हात मोडून वाचला. त्यानं मला हॉस्पिटलात सांगितलं. निघताना भानुदासनं विचारलं होतं, "हवालदारसाहेब, दिवा लागंना की." उत्तर मिळालं, "वायर खराब हुती, काढली. प्रेशर फस्क्लास हाय. जा तू, बाया खोळंबल्यात." जीप फिट म्हणून पास झाली होती. पाटी कुठे गेली कुणास ठाऊक.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला आत बोलावलं. एकच प्रश्न.

"ऑइल लेव्हल ठीक था?"

"लेव्हल ठीक था साब, लेकिन प्रेशर..."

"जितना पूछा उतना बोलो. जाओ."

निकाल असा लागला: इंजिनात तेल पुरेसं होतं, ड्रायव्हरला दिव्याची आधीपासून कल्पना होती, तरी त्यानं गाडी बेफिकिरीनं चालवली. जो दिवा लागूच शकत नव्हता त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप, तोही मेलेल्या माणसावर. टेपचा उल्लेख नाही. शिपायाचा जबाब घेतलाच नाही. हवालदार पेन्शनीवर जाऊन सावेडीत घर बांधतोय. मी दोनदा त्याच्या दारात गेलो. दोन्ही वेळा आतून कडी लागली.

गेल्या महिन्यात हे सगळं मी पंचायतीत सांगितलं. सरपंच म्हणाले, "आवो, लढाईत मेलेल्यांचा दगड हाय तो. यानं सरकारी जीप पालथी घातली. उद्या म्हशी धुताना कोण बुडाला तर त्याचं बी नाव घालू का?"

सगळे हसले. भिंतीला टेकून गेणूबाबा बसले होते. पोराचं नाव लागणार म्हणून धुतलेला फेटा बांधून आले होते. ते उठले आणि घरी गेले.

गावकऱ्यांनो, भानुदास तुम्हाला परका नव्हता. रजेवर आला की निम्म्या गावाच्या मळ्यातली इंजिनं त्यानंच उघडली, त्यानंच चालू केली. जेवताना हाक मारली तरी हात धुऊन निघायचा. शेवटच्या रजेतला सोमवारही त्यानं सरपंचांच्याच विहिरीवर, त्यांच्याच इंजिनाखाली काढला. त्याच दिवशी नगरला त्याच्या गाडीची तार निघालेली होती.

येत्या रविवारी शाळेत ग्रामसभा आहे. तुम्ही या. त्या दिवशी ज्या तोंडानं हसलात त्याच तोंडानं, गेणूबाबांसमोर उभं राहून, ठराव मांडा: नाईक भानुदास गेणू काळे हे नाव दगडावर कोरा.