मामांच्या नावावरची माझी दाद

पाश्चात्त्य संगीताच्या एका रेकॉर्डवर माझा आवाज आहे. कृपा करून ती कोणी ऐकू नये.

गिरणी संपाचा सहावा महिना होता. आमच्या परळच्या चाळीत चुलींपेक्षा भांडणंच जास्त पेटत होती. मी लूमवरचा कामगार. हात बंद, तोंड चालू! गिरगावातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आमचे सदामामा शिपाई होते. त्यांनी साहेबांना गळ घालून मला एका दिवसाचं काम मिळवून दिलं. पियानो सरकवायचा आणि कोपऱ्यात गप्प बसायचं.

"पियानो जमात तुका," मामा म्हणाले, "गप बसूचा काय ता बोल!"

"मामा, मी काय लहान आहे?"

वाजवणाऱ्या बाई सत्तरीच्या पारशीण. नाव मोठं, पण बोटं संधिवातानं सुजलेली. हे लांबलचक युरोपियन प्रकरण आता एकदाच काय ते वाजवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. (हे मामांनी मला तीनदा सांगितलं होतं.)

पंखे बंद झाले. बाईंनी सुरुवात केली आणि पहिल्याच हळुवार जागेला माझं पोट बोललं. गुर्रर्र!

"कसला आवाज?" काचेमागून साहेब ओरडले. मी छताकडे बघायला लागलो.

बाई मात्र वळल्या. "डिकरा, सकाळपासून काय खाल्ला?"

"चहा."

"पहिला एला खायला घाला. मग मी वाजवते."

एवढ्या मोठ्या कलावतीला थांबवून मी चार बटाटेवडे खाल्ले. मामा लाजेनं भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाई पुन्हा बसल्या आणि काय वाजवलंय म्हणून सांगू! आमच्या चाळीच्या भजनात बुवांनी एखादी जागा घेतली आणि समोरचा गप्प राहिला, तर बुवा विचारतात, "मयताला आलायस काय?" अशा संस्कारात वाढलेला मी! शेवटी सूर इतके हळू झाले, की मला गिरणीतलं आमचं बंद पडलेलं लूमखातं आठवलं. आणि मांडीवर थाप मारून मी ओरडलो, "व्वा! जियो बाई, जियो!"

अजून दोन सूर यायचे होते.

साहेब धावत आले. "कोण? कोण ओरडलं?"

बाई बोटं चोळत होत्या. "आता परत नाय होणार," त्या हळूच म्हणाल्या.

मी पुन्हा छताकडे बघायला लागलो. तेवढ्यात मामा पुढे झाले. "मी, साहेब. चुकून गेलं तोंडातून."

वीस वर्षांची नोकरी, एकदाही ओरडा न खाल्लेला माणूस! त्याच दिवशी त्यांना गोदामात टाकलं. बाई म्हणाल्या, "राहू दे तो आवाज. दिलातून आला." रेकॉर्ड तशीच निघाली. बाईंनी एक मामांना सही करून पाठवली. मामा शेजाऱ्याच्या प्लेअरवर ती चाळीला ऐकवायचे. "आता ऐका हां... आता!" लोक मामांची पाठ थोपटायचे, मीसुद्धा.

मामांच्या वर्षश्राद्धाला मामीनं रेकॉर्ड लावायला सांगितली. "ह्यांचा आवाज तेवढा ऐकूया." तो आला. चाळ रडली. मलाही राहवलं नाही. मांडीवर थाप मारून मी म्हणालो, "व्वा! काय आवाज होता मामांचा!"

थाप तीच, ‘व्वा’ तोच! सगळे माझ्याकडे वळले.

"मेल्या," मामी म्हणाली, "म्हंजे तो तू?"

मामांची शंका खरी होती. गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही. एकदाच जमलं. साहेबांनी "कोण?" विचारलं, तेव्हा.