काकाचे मुंबईचे दिवे

आमच्या काकाची पिकअप म्हणजे लढाईनंतर लिलावात निघालेलं भंगार. दिवे काजव्यासारखे. त्या उजेडात आंबे घेऊन घाटी चढायची म्हणजे सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार. म्हणून त्याने मुंबईहून मोठे दिवे आणले, लोहाराकडून जुनी भोकं वाढवून घेतली, जाड वायर ओढली, डायनॅमो बदलला. इथपर्यंतचं शहाणपण मी मान्य करतो. मग मात्र "आता रस्त्यार पडलेली सुयसुदा गावतली!" असं तो वाडीभर सांगत सुटला.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. दुसरा कोणी बॉनेटला टिळा लावून थांबला असता. हा कसला थांबतो! तेलात कालवलेलं कुंकू त्याने दोन्ही काचांवर पंजाने थापलं. आणि आमच्याकडे पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपणहून झडायला हवं. तेलातलं कुंकू कधी झडलंय? पण या दीडशहाण्याला सांगणार कोण!

त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला माझ्या बहिणीला कळा लागल्या. मूल आडवं होतं. सुईणीने हात टेकले, मालवणचा डॉक्टर गाठायलाच हवा होता. बहिणीला पिकअपमध्ये मागे निजवलं, आई उशाशी, मी काकाशेजारी. घाटीशी येईतो काळोख पडला. काकाने ऐटीत बटण ओढलं. समोर नुसते दोन तांबडे डाग. वळण कुठे, दरी कुठे, काही दिसेना. गाडी थांबली. मागे बहीण ओरडत होती, आणि हा पुण्यवान हात जोडून देवीला गाऱ्हाणं घालत बसला. थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

"काका, पूस ता!" मी ओरडलो.

"देवीचा कुंकू आसा. पुसूचा नाय." उतरायला लागलो तर त्याने माझं मनगट धरलं.

तोवर आई खाली उतरली होती. आई विधवा. तिचा हात लागला तर काका कुंकवाचा करंडा धुवायला लावायचा.

"वयनी, तू नको!"

"थंय माझा चेडू मरता हा, आणि तुका कुंकवाचा पडला हा?"

तिने पांढऱ्या लुगड्याच्या पदराने दोन्ही काचा खसाखसा पुसल्या. पार वळणापर्यंतचा रस्ता दिसला.

मायलेकरं दोघंही वाचली. सकाळी दवाखान्यासमोर काका त्या काचांवर गोमूत्र शिंपडत होता. आई पायरीवर बसली होती, नातवाला त्याच तांबड्या पदरात गुंडाळून.