ठरलेली कुस्ती

ताचिहारा-सान यांच्या वर्गात पहिली दहा मिनिटं कोणी कुस्ती खेळत नसे. जोड्या लावून समोरासमोर बसायचं, एकानं दुसऱ्याचा हात किंवा पाय नुसता धरायचा, आणि ज्याचा धरलाय त्यानं धरणाऱ्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. थोपटणं म्हणजे शरण आलो; थोपटलं की सोडायचं. मग पुन्हा धरायचं, पुन्हा थोपटायचं. शाळकरी मुलं, टाय खिशात कोंबून ऑफिसातून थेट आलेले पुरुष, मी आणि माझी मुलगी सई, सगळे दहा मिनिटं हेच करत बसायचो. ताचिहारा-सान मधून फिरायचे. त्यांची मान वळत नसे, म्हणून प्रत्येक जोडीकडे ते अख्खं अंग वळवून बघायचे, एखादं कपाट सरकवल्यासारखे. कोणी सोडायला क्षणभर उशीर केला की म्हणायचे, "विचार करत होतात. विचार करायचा नाही. हाताला कळलं पाहिजे."

टोकियोजवळ उरायासुत आमच्या स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका लाँड्रीच्या वर हा डोजो, त्यांची तालीम, होता. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि गाद्या कायम थोड्या उबदार असायच्या. मी पुण्याची, सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त इथे आलेली. सईनं पोहणं सोडलं होतं, पियानो सोडला होता, आणि अकराव्या वर्षी मी काहीही विचारलं तरी जपानीत एका शब्दाचं उत्तर द्यायला लागली होती. कुस्ती शिकायची आहे, हे मात्र तिनं मला मराठीत सांगितलं. म्हणून मी तिला घेऊन गेले. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले होते. ताचिहारा-सान समोर येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेला प्रचंड माणूस, तालमीतल्या पैलवानांचे असतात तसे मोडलेले कान, आणि आवाज मात्र ग्रंथालयात बोलावं तसा हळू. म्हणाले, "केताकारु-सान, नुसतं बघणाऱ्याला इथे थंडी वाजते." केतकर हे माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मीही गादीवर होते.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बहुतेक वर्ग संपल्यावर गाद्या पुसताना. गाद्या ते स्वतः पुसायचे, ओल्या फडक्यानं, गुडघ्यावर बसून; मी मदतीला थांबायचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते व्यावसायिक कुस्तीच्या एका कंपनीत शिरले होते. टीव्हीवर रंगीत चड्ड्या घालून मल्ल एकमेकांना उचलून आपटतात, ती कुस्ती. सकाळी पाय लुळे पडेपर्यंत बैठका, मग ज्येष्ठ मल्लांसाठी मोठ्या पातेल्यात रस्सा, त्यांच्या पाठी चोळणं, कपडे धुणं. आणि दुपारी, प्रेक्षक नसताना, दारं लावून दुसरीच कुस्ती चालायची. तिच्यात नाटक नव्हतं. सांधे पिरगाळणं, गळा आवळणं, समोरचा शरण येईपर्यंत. ही विद्या लोकांना दाखवायची नाही, पण यायलाच हवी, असा तिथला नियम होता.

मी एकदा विचारलं, की म्हणजे टीव्हीवरची ती कुस्ती खोटीच होती ना. ते फडकं पिळत होते. पिळून झाल्यावर म्हणाले, "ठरलेली होती. खोटी नव्हती." मग बराच वेळ समजावत राहिले. ठरलेल्या कुस्तीत समोरचा माणूस आपलं डोकं तुमच्या हातात देतो, तुम्ही त्याला डोक्यावरून फेकता, आणि उद्या दुसऱ्या गावात तो पुन्हा उभा राहिला पाहिजे. खऱ्या लढतीत ही काळजी फक्त पंचाला असते. त्यांना स्वतःला ठरलेलीच जास्त अवघड गेली, असं ते म्हणाले.

पुढे काही तरुण मल्लांना वाटायला लागलं, की दारं लावून खेळतो तीच कुस्ती लोकांसमोर का नको. ते कंपनीतून फुटले, त्यांनी स्वतःचा गट काढला. दोरांवरून उड्या नाहीत, सोंगं नाहीत, फक्त लाथा, पकडी आणि शरणागती. लोक वेडे झाले. अखेर खरं काहीतरी बघायला मिळतंय म्हणून सभागृहं भरायला लागली. ताचिहारा-सान त्या गटात होते. त्यानंतर काही वर्षांनी खरोखरच काही न ठरवता लढती व्हायला लागल्या, ज्यांतून आजची एमएमए, म्हणजे मिश्र कुस्ती, निघाली, तेव्हा तिथेही उतरणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते.

आपल्या पहिल्या खऱ्या लढतीची गोष्ट ते अगदी खुशीत सांगत. समोर ब्राझीलहून आलेला एक किडकिडीत माणूस होता, त्यांच्या निम्म्या वजनाचा. ताचिहारा-सान यांनी त्याला उचलून आपटलं, आणि आपटताना तो पाठीवर कधी चढला ते कळलंच नाही. दोन मिनिटांच्या आत गळा आवळला गेला आणि ते शरण आले. सभागृहाला पटेना. ज्याला इतकी वर्षं खरा मल्ल म्हणून डोक्यावर घेतलं, तो असा पडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते त्या ब्राझीलवाल्याच्या हॉटेलात गेले, लॉबीत त्याला वाकून नमस्कार केला आणि खाणाखुणांनी विचारलं, की काल काय केलंस ते दाखव. त्यानं तिथेच गालिच्यावर बसून दाखवलं. हॉटेलचा मॅनेजर धावत आला. "त्या रात्री मला गाढ झोप लागली होती," ताचिहारा-सान म्हणाले. "हरलो होतो, पण ते कोणी ठरवलेलं नव्हतं."

मग तो कंपनीतून फुटलेला गट का सोडलात, असं मी विचारलं. ते उठून बादली रिकामी करायला गेले. मी पुन्हा विचारलं नाही.

ते कळलं सईमुळे. एका शनिवारी तिच्याहून वर्षभरानं मोठ्या मुलीनं तिचा हात पिरगाळून पकडीत धरला, सईनं थोपटलं, आणि त्या मुलीनं एक क्षण जास्त ओढलं. कोपर दुखावलं, फार नाही. ताचिहारा-सान त्या मुलीला रागावले नाहीत. त्यांनी वर्ग थांबवला, सगळ्यांना खाली बसवलं आणि उरलेला तासभर आम्ही नुसते धरत, थोपटत, सोडत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. सूट घातलेले ताचिहारा-सान नाशपातींचं खोकं दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि मी दार उघडताच इतके खाली वाकले की मला त्यांच्या कोटाची पाठ दिसली.

मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, चार दिवसांत बरं होईल. ते ऐकून घेईनात. "तुमची मुलगी माझ्या भरवशावर गादीवर उतरली होती," एवढंच म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, चहा केला, पोहे पुढे ठेवले. खुर्चीत ते जेमतेम मावत होते. चहा पिऊन झाल्यावर ते ओनुमाबद्दल बोलले.

ओनुमा त्यांचा सोळाव्या वर्षापासूनचा जोडीदार. एकाच खोलीत राहिले, एकाच पातेल्यात रस्सा ढवळला, कंपनीतूनही बरोबरच फुटले. पण त्या नव्या गटात, लोक ज्याला खरं समजत होते तिथेही, निकाल आधीच ठरायचे. रोज खरं लढलं तर महिन्याभरात सगळे जायबंदी होतील, म्हणून. एका मोठ्या सामन्यात ओनुमानं जिंकायचं ठरलं होतं. ताचिहारा-सान वर्षभर हरतच होते. पण त्या दिवशी त्यांचे वडील गावाहून पहिल्यांदा मुलाची कुस्ती बघायला आले होते. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सामन्याच्या मध्यावर ओनुमानं ठरल्याप्रमाणे पाय पुढे केला आणि ताचिहारा-सान यांनी त्याची टाच काखेत धरून खरोखर पिरगाळली. ओनुमाचा गुडघा गेला. तो पुन्हा कधी उतरला नाही. पेपरांनी लिहिलं, याला म्हणतात खरी कुस्ती.

"त्यानं थोपटलं होतं," ताचिहारा-सान म्हणाले. "पण लोक ओरडत होते. मला कळलं नाही."

इतकं बोलून ते उठले. दाराशी बूट घालताना, माझ्याकडे पाठ असताना, त्यांनी विचारलं की कामासाठी मी अधूनमधून उत्तरेकडे सेंदाईला जाते, ते खरं का. ओनुमा सेंदाईला जेवणाचे डबे विकतो. मोबाइलवर तिकीट काढणं त्यांना जमत नाही, पुढच्या वेळी बरोबर येऊ का.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, ते हात मांडीवर ठेवून पूर्ण वेळ ताठ बसले होते. येणार असल्याचं पत्र त्यांनी आधी टाकलं होतं. उत्तर आलं नव्हतं. मी स्टेशनवरूनच कामासाठी तिथल्या विद्यापीठात जाणार होते, पण बसच्या पाटीवरची एकच ओळ त्यांना पुन्हा पुन्हा वाचताना पाहिलं आणि तिथे फोन करून उशीर होईल असं कळवलं.

दुकान लहान, स्वच्छ. काउंटरमागे उंच, पांढऱ्या केसांचा माणूस भात भरत होता. डावा पाय ताठ ठेवून तो एका बाजूला झुकून उभा होता. आम्हाला बघून त्यानं हातातला डबा पूर्ण भरला, झाकण लावलं आणि मग मान वर केली. ताचिहारा-सान जमिनीवर गुडघे टेकायला लागले. ओनुमा-सान म्हणाले, "ते नको. गिऱ्हाईकं येतात."

ताचिहारा-सान उभे राहिले. पाठ केलेलं काही बोलायला लागले, ते ओनुमा-सान यांनी मध्येच थांबवलं. "मी दोनदा थोपटलं होतं."

"हो."

"तू पेपरवाल्यांना सांगितलंस, कळलं नाही म्हणून."

मला वाटलं, आता ते गोंगाटाचं सांगतील. ताचिहारा-सान यांनी अख्खं अंग वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर वळले. "कळलं होतं," ते म्हणाले. "सोडलं असतं तर पंचानं सामना तसाच चालू ठेवला असता. तुला जिंकवायचं त्यालाही माहीत होतं. म्हणून घंटा होईपर्यंत सोडलं नाही."

ओनुमा-सान काउंटर पुसत होते. "ते मला तेव्हाच समजलं," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्या थोपटण्याला तुझा हात सैल झाला होता. मग तू परत आवळलास."

भाताच्या कुकरची शिटी नव्हे, नुसता एक बारीक सूर वाजला, भात झाल्याचा. ओनुमा-सान यांनी घड्याळ पाहिलं. शाळेची ऑर्डर होती, खोकी मागच्या जिन्यानं गाडीपर्यंत न्यायची होती, आणि जिना उतरताना त्यांना त्रास व्हायचा. "मोकळा असशील तर हे खाली ने," ते म्हणाले. ताचिहारा-सान यांनी सूटचा कोट काढून माझ्याकडे दिला आणि सगळी खोकी नेली. नंतर ओनुमा-सान यांनी आम्हा दोघांपुढे एकेक डबा ठेवला. त्यात मासा आहे, तुम्हाला चालेल का, असं मला विचारलं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत ताचिहारा-सान खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोडलं असतं तर वडिलांनी मला हरताना पाहिलं असतं. एवढंच झालं असतं." थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं, की सामना झाल्यावर वडील त्यांना भेटायला कपडे बदलायच्या खोलीत आले होते. जिंकल्याबद्दल अक्षरही बोलले नाहीत. त्या मुलाच्या पायाला काय झालं, एवढंच विचारून गेले.

त्यानंतर ते दर महिन्याला सेंदाईला जायला लागले. तिकीट मी काढून द्यायचे. तिथे काय बोलणं होतं, हे मी विचारत नसे. पण एकदा त्यांच्या खिशात बटाटे सोलायचं सोलाणं निघालं, चुकून आलेलं, तेव्हा तिथे काय चालतं ते समजलं. पोटाचा कॅन्सर झाल्याचं त्यांना पहिल्या भेटीच्या आधीपासून माहीत होतं. आम्हाला त्यांनी उन्हाळ्यात सांगितलं, डोजोच्या किल्ल्या लाँड्रीवाल्या बाईंकडे देताना.

हॉस्पिटलात मी आणि सई दुपारी जायचो. सई त्यांना शाळेतल्या गोष्टी सांगायची. घरी मला दिवसाला चार शब्द मिळायचे, त्यांना तासभर मिळायचा. एके दिवशी गेलो तर ओनुमा-सान आलेले. चादर बदलायची होती आणि दोन नर्सेसना तो देह पेलत नव्हता. ओनुमा-सान यांनी काठी सईच्या हातात दिली, चांगला पाय पलंगाला टेकवला आणि दोन्ही हात त्यांच्या पाठीखालून घातले. "अंग सोड," ते म्हणाले. ताचिहारा-सान यांनी डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि पूर्ण भार सोडून दिला. नर्सेसनी चादर बदलेपर्यंत ओनुमा-सान तसेच उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

सप्टेंबरात ताचिहारा-सान गेले. अंत्यविधीला सगळे गुडघे मुडपून बसले होते आणि पहिल्या रांगेत ओनुमा-सान एक पाय सरळ पसरून बसले होते. बाहेर पडल्यावर मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. चालताना मी म्हणाले, की तुम्ही त्यांना माफ केलंत, त्यामुळे त्यांचा शेवट सुखाचा झाला. काहीतरी बरं बोलावं, म्हणून.

ओनुमा-सान थांबले. "माफ केलं असं मी त्याला कधी म्हटलं नाही," ते म्हणाले. "त्यानंही कधी विचारलं नाही. तो यायचा, बटाटे सोलायचा, जेवायचा आणि जायचा."

फलाटावर गाडी लागली होती. त्यांनी काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली.

"आता बटाटे मलाच सोलावे लागतात," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.