विचार करताना काळा होणारा पडदा

काल टीव्हीवर चर्चा लागली होती. चौकटीतली सगळी तोंडं एकदम बोलत होती, आणि प्रश्न संपायच्या आत प्रत्येकाचं उत्तर तयार. शिसारी आली अगदी.

आमचा पहिला कॉम्प्युटर आठवला. बाबा तो घरातल्या टीव्हीला जोडायचे. स्वस्तात बसावा म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात चित्रासाठी वेगळी चिप घातलीच नव्हती; गणित करणं आणि पडद्यावर अक्षरं काढणं, दोन्ही कामं एकट्या प्रोसेसरच्या गळ्यात. मोठं गणित घातलं की तो अक्षरं काढायचं सोडून द्यायचा आणि पडदा काळा व्हायचा. आमच्याकडे राहणाऱ्या आत्याला वाटायचं, टीव्ही बिघडला. सवयीने ती त्याच्या डोक्यावर थपडा हाणायची.

"अगं थांब! विचार करतोय तो," बाबा ओरडायचे.

"मग त्याला तोंड कशाला लपवायला हवं?" म्हणत ती बसायची. आम्ही त्या काळ्या काचेकडे बघत राहायचो, आणि मग उत्तर उमटायचं.

काल त्या चर्चेत एकाचाही चेहरा क्षणभर विझला नाही. माझा हात आत्यासारखाच शिवशिवला. ती बिचारी चित्र परत यावं म्हणून मारायची. मला ते जायला हवं होतं.